पृथ्वीचे वय आणि आपली विहीर

आमच्या सोलापूर भागात जुन्या माणसाला जन्मसाल विचारले, तर आकडा क्वचितच मिळायचा. "मार्शल लॉ लागला तेव्हा मी रांगत होतो," असे कुणी सांगे. ते साल १९३०. पुढच्या पिढीची खूण बहात्तरचा दुष्काळ, आणि त्यानंतरची किल्लारीचा भूकंप, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. दोन खुणांमध्ये अंतर सारखे नाही, आणि त्याने कुणाचे अडतही नाही. ज्या घटनेने गावाचे चित्र पालटले तिथे रेघ मारायची, एवढाच या हिशेबाचा नियम. भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीच्या इतिहासाचे भाग पाडतात, ते याच रीतीने.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. एवढा आकडा डोक्यात मावत नाही. म्हणून आपण आगगाडीत बसू. मुंबई ते सोलापूर लोहमार्ग सुमारे ४५५ किलोमीटर. गाडी मुंबईहून सुटली तेव्हा पृथ्वी जन्मली, आणि सोलापूरच्या फलाटाला लागली तो आजचा क्षण, असे धरा. म्हणजे एक किलोमीटर झाला की एक कोटी वर्षे सरली.

पुणे गेले, दौंड गेले, कुर्डुवाडीही मागे पडली. या वाटेत जीव होते, पण बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. हा झाला कँब्रियनपूर्व काळ. सोलापूर ५४ किलोमीटर उरले असता शंख-कवचांचे प्राणी खडकांत विपुल दिसू लागतात. तिथे पहिली मोठी रेघ, आणि पुराजीव महाकल्पाचा आरंभ. २५ किलोमीटर उरले असता समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. तिथे दुसरी रेघ. पुढे मध्यजीव महाकल्प, डायनोसॉरांचा. साडेसहा किलोमीटर उरले, बाळे स्टेशनाच्या आसपास, की तेही गेले. तिथून आपला नवजीव महाकल्प. महाकल्पांचे पोटभाग ते कल्प. जुरा पर्वतावरून जुरासिक, वेल्सच्या जुन्या नावावरून कँब्रियन, अशी त्यांची नावे बहुतेक एकोणिसाव्या शतकात पडली. तेव्हा वर्षे कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होता तो क्रम: खालचा थर जुना, वरचा नवा. वर्षांचे आकडे विसाव्या शतकात मिळाले. खनिजातल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होते. किती झाले ते मोजायचे, की वय निघते.

आता गाडीतून उतरून विहिरीत डोकावू. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. हा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. तो एका दमात आला नाही. एक लोट वाहिला, थिजला. पुढचा येईपर्यंत त्याच्या माथ्यावर ऊनपाऊस पडला, खडक कुजून तांबडा झाला, आणि वरून दुसरा लोट आला. विहिरीच्या भिंतीत कातळाच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसला, तर समजावे की इथे पृथ्वीने थोडा विसावा घेतला होता. पश्चिम घाटातल्या अशाच तांबड्या थरांतले खनिजांचे कण तपासून लाव्हाच्या लोटांची वये ठरवली आहेत.

या कातळाखाली काय आहे? किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. काळा कातळ ३३८ मीटरवर संपला. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि लगेच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइटी खडक. आपल्या हिशेबाने पुणे सुटल्यावर थोड्याच वेळाचा! मधल्या सगळ्या प्रवासाची नोंद आठ मीटरांत, आणि तीही अर्धीमुर्धी. पृथ्वीच्या बखरीची बरीच पाने अशी गळालेली असतात. एका ठिकाणी गळालेले पान दुसरीकडे सापडते. आपल्या घरातली शहाबादी फरशी घ्या. भीमेच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खडकांचा गाळ कँब्रियनच्याही आधी समुद्रतळाशी साचला. भिंत काळ्या दगडाची असेल, तर पायाखालची फरशी भिंतीहून कितीतरी वडील आहे.

सर्वांत अलीकडची रेघ तर आपल्याच देशात मारली गेली. मेघालयातल्या मॉम्लू गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचे खांब बनले आहेत. त्यांतल्या एकात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली, आणि २०१८ साली त्या अवर्षणापासून 'मेघालयन' हा कालविभाग जगभर मान्य झाला. आपल्या लोहमार्गावर तो शेवटचा हातभर तुकडा, बेचाळीस सेंटिमीटर. जगातल्या शास्त्रज्ञांनीही शेवटी दुष्काळावरूनच साल मोजले, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नवल वाटले नसते.

दुष्काळी मुलुखात या विद्येचा उपयोगही आहे. अखंड कातळात पाणी नसते. ते असते मुरमात, लाव्हाच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या खडकात, भेगांत आणि दोन लोटांच्या सांध्यात. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि आपली कोरडी, असे होते ते बहुधा यामुळेच. वरच्या मुरमातले पाणी पावसाळ्यात भरून येते. खोलवरच्या सांध्यात ते फार सावकाश झिरपते. ते एका उन्हाळ्यात उपसून टाकले, तर पुढल्या मृगात ते परत येईलच असे नाही.

म्हणून बोअर घेताना यंत्राजवळ वही घेऊन उभे राहा. काळी भुकटी तांबडी झाली, किती फुटांवर? ओल लागली, किती फुटांवर? लिहून ठेवा. शेजाऱ्यालाही लिहायला सांगा. गावातल्या दहा वह्या एकत्र आल्या, की जमिनीखालचे थर कसे आहेत आणि पुढचे भोक कुठे पाडू नये, हे पैसे घालवण्याआधी कळू लागेल.