एक शब्द, अनेक अर्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी इंग्रजी शब्दावर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण हा शब्द आता परका राहिलेला नाही. आपल्या घरात सुनेसारखा नांदतो आहे. तो म्हणजे ‘एंगेज’.

फोन लागला नाही की आपण म्हणतो, ‘एंगेज आहे.’ साखरपुडा झाला की ‘मुलगी एंगेज झाली.’ मूल रडू लागले की ‘त्याला जरा एंगेज ठेवा.’ वकील लावला तरी एंगेज, मोटारीचा गियर पडला तरी एंगेज, आणि सैन्याची शत्रूशी गाठ पडली तरी तोच शब्द! मोबाईलवरच्या चित्राला किती जणांनी अंगठा दिला, त्यालाही मुले हल्ली ‘एंगेजमेंट’च म्हणतात.

इतके अर्थ एका शब्दाला आले कुठून? मुलीने शब्दकोश काढून सांगितले, की शब्द मूळचा फ्रेंच. त्यातल्या ‘गेज’चा अर्थ तारण. घर गहाण टाकण्याला ‘मॉर्गेज’ म्हणतात, त्यातही हाच ‘गेज’ आहे. म्हणजे एंगेज होणे म्हणजे तारण ठेवून स्वतःला बांधून घेणे. आपल्याकडे साखरपुड्याला वाङ्निश्चय म्हणतात. वाक् म्हणजे वाणी. त्यांनी वस्तू तारण ठेवली, आपण शब्द ठेवला. भाव एकच, आता माघार नाही.

मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आहे. लग्न ‘ठरते’, माणूस कामात ‘गुंततो’, कार्यात ‘सहभाग’ असतो, समाजाशी ‘बांधिलकी’ असते. यातले गुंतणे आपल्या वाट्याला भरपूर आले आहे. पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या विरजणापर्यंत आपण एंगेजच! पण दोरा गुंततो तसा विणलाही जातो. गुंत्यातून काही निघत नाही. विणीतून स्वेटर निघतो. सहभाग म्हणजे ती वीण.

एंगेजचा आणखी एक अर्थ आहे, राखून ठेवलेली जागा. १९९२ साली संसदेने ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. आपली पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीनंतर पहिल्या महापौर झाल्या त्या डॉ. कविता चौतमोल. याचा आपल्याला अभिमान आहे. पण खुर्ची राखीव होणे निराळे आणि खुर्चीवरच्या बाईने स्वतः कारभार पाहणे निराळे. सही तिची आणि निर्णय यजमानांचा, असे प्रकार अनेक गावांत घडले आहेत.

दूर कशाला जा? आपल्या मंडळात हळदीकुंकवाला जागा पुरत नाही, आणि हिशेबाच्या सभेला अर्धी सतरंजी रिकामी राहते! वर्गणी कुठे खर्च झाली, शिवणयंत्र घ्यायचे की वाचनालयाला कपाट, हे चौघीजणी ठरवतात; मग बाकीच्या जिन्यात कुरकुरतात. जिन्यातले बोलणे वहीत लिहिले जात नाही, बायांनो. सभेतले लिहिले जाते.

म्हणून माझी विनंती एवढीच. यंदाच्या हिशेबाच्या सभेला प्रत्येकीने यावे आणि निदान एक प्रश्न विचारावा. भाजी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, इथे एक जड नाही.