अंडी का कुजतात?

(पाड्यावरच्या बायांच्या बैठकीतलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळी आपण दाव्यांवर आणि सुनावणीच्या तारखांवर बोललो. आता कोंबडीवर बोलायचं आहे. हसू नका. सुनावणीला तालुक्याला जायचं एसटीचं भाडं कुठून येतं? बऱ्याच घरांत ते अंडी आणि कोंबडं विकूनच येतं. भात-नागली खाण्यापुरती. मजुरीचा पैसा येतो आणि जातो. कोंबडी मात्र बाईची असते. सावकाराच्या दारात न जाता हातात येणारा पैसा तो हाच.

म्हणून 12 अंडी बसवली आणि 5 च पिल्लं निघाली, तर नुकसान 7 अंड्यांचं नाही, 7 कोंबड्यांचं आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. अंडी कुजली की आपल्यात काय म्हणतात? "नजर लागली." "अमकी येऊन टोपलीत डोकावून गेली." एकदा कुजली तर नजर, दुसऱ्यांदा कुजली तर भगत, आणि तिसऱ्यांदा एखाद्या एकट्या बाईचं नाव निघतं. कुठे भुताळी म्हणतात, सातपुड्यात डाकीण म्हणतात. अशा नावाने बायांना मार खावा लागला आहे, गाव सोडावं लागलं आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. बाईला असं ठरवून त्रास देणं गुन्हा आहे. पण पोलीस येण्याची वेळच का यावी? अंडं का बिघडलं ते अंडंच सांगतं. ते वाचायला शिकू.

बसवायच्या आधी

पिल्लं कमी निघाली की आपण बसलेल्या कोंबडीला दोष देतो. खरं तर पुष्कळ अंडी ती बसायच्या आधीच बिघडलेली असतात.

पहिलं, कोंबडा. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. ते वांझ अंडं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा पाहिजे. गटारीला भाव मिळतो म्हणून पाड्यावरचे सगळे कोंबडे विकले जातात. त्यानंतर आठ-दहा दिवस अंड्यांत बी राहतं, मग कमी होत जातं. श्रावणात बसवलेली अंडी वांझ का निघाली, ते इथे कळतं. एक कोंबडा राखून ठेवा. आणि तो वर्षानुवर्षं त्याच घरातला नको. दुसऱ्या पाड्यावरून बदलून आणा, नाहीतर बेणं कमजोर होतं.

दुसरं, अंडं किती दिवसांचं आहे. बसवायचं अंडं 7 दिवसांच्या आतलं असावं. उन्हाळ्यात 3-4 दिवसांच्या आतलं. कोंबडीने पंधरा दिवस घातलेली सगळी अंडी एकदम तिच्याखाली ठेवली, तर पहिली घातलेली बहुतेक वाया जातात. ती खाऊन टाका, विका, आणि शेवटची बसवा. प्रत्येक अंड्यावर घातल्या दिवशी कोळशाने खूण करा: पहिल्या दिवशी एक रेघ, दुसऱ्या दिवशी दोन.

तिसरं, गरमी. हे नीट समजून घ्या. अंड्यात बी असतं, ते थंडीत झोपून राहतं. गरमी लागली की जागं होतं आणि वाढायला लागतं. चैत्र-वैशाखात घरात, पत्र्याखाली, चुलीच्या वरच्या फळीवर अंडी ठेवली तर कोंबडी न बसताही बी जागं होतं. अर्धवट वाढतं, रात्री थांबतं, पुन्हा वाढतं आणि मरतं. वरून अंडं चांगलं दिसतं. मग आपण ते कोंबडीखाली ठेवतो, आणि उबेने ते कुजतं.

उपाय सोपा आहे. मोठ्या मडक्यात अर्ध्यापर्यंत वाळू भरा. वाळूवर पाणी शिंपडून ती ओली ठेवा. वर सुकं फडकं किंवा छोटी टोपली, त्यात अंडी, निमुळतं टोक खाली. तोंडावर कापड बांधा आणि मडकं घरातल्या सर्वात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. ओल वाळूला पाहिजे, अंड्याला नको.

चौथं, अंडं धुवायचं नाही. कवचावर पातळ पापुद्रा असतो, तो घाण आत जाऊ देत नाही. धुतलं की तो निघून जातो. थोडी माती असेल तर सुक्या कापडाने पुसा. फार घाण लागलेलं अंडं खायला ठेवा. चिरलेलं, वाकडं, फार मोठं, फार बारीक अंडं बसवू नका. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून आवाज ऐका. चिरलेल्याचा आवाज बसका येतो.

कोंबडी बसवताना

कोंबडी खरी खुडूक झाली आहे का ते आधी बघा. दोन दिवस दोन टाकाऊ अंड्यांवर बसवा. उठून पळत नसेल तरच चांगली अंडी ठेवा, तीही रात्री. गावठी कोंबडीखाली 10 ते 12, थंडीत त्याहून एक-दोन कमी. पंखाबाहेर एकही दिसता कामा नये. बाहेर राहिलेलं अंडं गार होतं, आणि कोंबडी अंडी फिरवते त्यामुळे आज एक गार, उद्या दुसरं. हावेने 18 ठेवली तर 10 सुद्धा हाती लागत नाहीत.

टोपलीत खाली थोडी माती, वर सुकं गवत, मधे खोलगट. गवतात राख आणि निरगुडीचा पाला टाका. पिसवा आणि बारीक किडे झाले की कोंबडी सारखी उठते आणि अंडी गार पडतात. टोपली धुरात टांगू नका. कुत्रा, उंदीर, मुंगूस येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा.

दाणा-पाणी जवळच ठेवा. कोंबडी दिवसातून एकदा 15-20 मिनिटं उठते, खाते, हगते, मातीत लोळते. तेवढं चालतं. पाण्यासाठी ओढ्यापर्यंत जावं लागलं तर अंडी गार होतात.

अजून एक, जे घरोघरी होतं. बसलेल्या कोंबडीच्या टोपलीत दुसऱ्या कोंबड्या अंडी घालून जातात. मग काही अंडी 21 दिवसांची, काही 12 दिवसांची. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि मागची पोटातच मरतात. म्हणून बसवताना प्रत्येक अंड्याला कोळशाचं कडं काढा. बिनकड्याचं दिसलं की त्याच दिवशी काढा.

सातव्या रात्री

पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा. अंधारात भोकावर अंडं धरा, मागून बॅटरी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे ठिपका दिसला, तर जिवंत. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं, तर वांझ. शिरा नाहीत आणि लाल कडं दिसलं, तर बी मेलेलं आहे. वांझ आणि मेलेली लगेच काढा. ठेवली तर आत वायू धरतो, अंडं फुटतं आणि घाण बाकीच्या अंड्यांना लागते. एका कुजक्या अंड्यामुळे सगळी टोपली जाते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा बघा.

18 व्या दिवसानंतर हात लावू नका, हलवू नका. उन्हाळा कोरडा असेल तर टोपलीच्या भोवतीची जमीन ओली ठेवा. 21 व्या दिवशी चोच लागली तरी कवच आपण सोलायचं नाही. रक्त येतं आणि पिल्लू मरतं.

लाव्याबद्दल

काही पोरांनी बाजारातली जपानी लावा आणली आहे, त्यांनी विचारलं होतं. ही लावा स्वतः अंड्यावर बसत नाही. हलक्या, शांत गावठी कोंबडीखाली बसवावी लागतात. दिवस 17-18 लागतात, म्हणून कोंबडीच्या आणि लाव्याच्या अंड्यांची मिसळ करू नका. कवच पातळ असतं, जड कोंबडी फोडते. बाकी सगळं वर सांगितलं तसंच. मात्र रानातल्या तितराची, लाव्याची अंडी आणून बसवू नका. रानपाखराच्या अंड्याची नासाडी 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरली आहे. आपण जंगल राखणारे आहोत, गार्डच्या हातात आयतं कारण देऊ नका.

शेवटी हिशोब

न निघालेली अंडी नुसती फेकू नका. घरापासून लांब न्या, फोडून बघा, मग पुरा. आत काहीच वाढलेलं नाही: कोंबड्याची उणीव, नाहीतर अंडं फार जुनं. लाल कडं, थोडंच वाढून मेलेलं: बहुतेक ठेवताना गरमी लागली, किंवा जुनं होतं. पुरं पिल्लू तयार पण आतच मेलेलं: शेवटच्या दिवसांत अंडी गार पडली, फार सुकली, किंवा कुणी हलवली. काळं पाणी आणि वास: चीर होती, धुतलं होतं, नाहीतर मेलेलं वेळेवर काढलं नाही.

बघा, यात कुठेही शेजारणीचं नाव येत नाही.

आणि उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत पाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या मान वाकडी करून मरतात, ती मानमोडी. तो रोग आहे, करणी नाही. त्याची लस जनावरांच्या दवाखान्यातून मिळते. एकटीने जाऊ नका, सगळ्या पाड्याने मिळून मागा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने हिशोब आणायचा: किती बसवली, किती निघाली, न निघालेल्यात काय दिसलं. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा मारा, आम्ही येऊन मोजू. आणि मधल्या काळात कुणी कुणाचं नाव घेतलं, तर त्याला आधी एवढंच विचारा: "अंडं फोडून बघितलंस का?"

जिंदाबाद!