धातू, मशेरी आणि छातीतली गाठ

(वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रकावर माझ्या विषयाचं नाव ‘जड धातू आणि स्तनाचा कर्करोग’ असं छापलं आहे. ते वाचून तुमच्यापैकी काहीजणी चहाला उठायच्या बेतात असतील. पण हाच प्रश्न वस्तीतल्या बायका वेगळ्या शब्दांत विचारतात. “ताई, मी वीस वर्षं मशेरी लावते, त्यानंच ही गाठ आली का?” “घरात सोन्याची झाळ देतात, त्याचा धूर बाधतो का?” अशा वेळी आपण एकतर “छे, काही नाही होत” म्हणून मोकळ्या होतो, नाहीतर “बघ, सांगत होते ना, सोड ती मशेरी!” म्हणून तिलाच झापतो. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती का चुकीची, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांना जड धातू म्हणतात. आर्सेनिकलाही त्यांच्यातच धरतात. सगळ्यांबद्दल बोलत बसले तर संध्याकाळ होईल. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो कॅडमियमचा, म्हणून मी त्यालाच धरून बोलते.

कॅडमियमची ओळख आपल्याला आहे, फक्त नाव वेगळं आहे. ‘केडीएम’ दागिने आठवतात? ते ‘केडीएम’ म्हणजे कॅडमियमच. पूर्वी सोन्याचे तुकडे जोडायला तांबं-चांदी मिसळलेली झाळ वापरत. दागिना मोडायला गेलं की तेवढा कस कमी भरायचा, आणि सोनार डागाची तूट धरायचा. मग सोन्यात थोडं कॅडमियम घातलेली झाळ आली. साधारण ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६५ अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. सोनं वितळायला हजाराच्या वर अंश लागतात. म्हणजे दागिना आटवला की कॅडमियम उडून जातं आणि सोन्याचा कस टिकतो. गिऱ्हाइकाचा फायदा. पण उडून ते जातं कुठे? फुंकणीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत. तो कारागीर एका खोलीत राहत असेल, तिथेच भट्टी आणि तिथेच चूल असेल, तर घरातल्या बाई-मुलांच्याही छातीत. अंगावर दागिना घालणाऱ्या बाईला त्या जोडापासून भीती नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या सगळ्याजणी मंगळसूत्र काढून ठेवतील. (ते वेगळ्या कारणासाठी काढायचं असेल तर माझी हरकत नाही.) आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही, आणि २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आहे. त्यामुळे हा वापर मागे पडला. पण ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं तो धूर घेतला त्यांच्या शरीरात तो धातू अजून आहे. मूत्रपिंडात कॅडमियम एकदा बसलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात.

कॅडमियमचा दुसरा मार्ग म्हणजे तंबाखू. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं, कारण धुरातून फुप्फुसात गेलेला धातू चटकन रक्तात जातो. मशेरीत धूर नसतो, तोंडावाटे धातू कमी शोषला जातो, तरी मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दिवसातून तीन-चारदा हिरड्यांना लावायची. भाजताना स्वयंपाकघर धुरानं भरतं ते वेगळंच.

तिसरा मार्ग म्हणजे अन्न. जमिनीत कॅडमियम असेल तर ते भातात आणि पालेभाजीत उतरतं. तंबाखूला न शिवणाऱ्या माणसाच्या शरीरातलं बहुतेक कॅडमियम अन्नातूनच आलेलं असतं.

आता हा धातू बाईच्या शरीरात गेल्यावर काय करतो? आपल्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असतं. पाळी येणं, स्तनांची वाढ, सगळं त्याच्याशी जोडलेलं. पेशीत त्याच्यासाठी जणू एक कुलूप असतं आणि इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. कॅडमियम ही चोरकिल्ली आहे. १९९४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हे दिसलं. २००३ मध्ये अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांना कॅडमियम दिलं, तर त्यांची गर्भाशयं आणि स्तनग्रंथी इस्ट्रोजेन दिल्यासारख्या वाढल्या. गाभण माद्यांना दिलं, तर त्यांच्या पोटच्या माद्या लवकर वयात आल्या. म्हणजे धोक्याची शंका हवेतून आलेली नाही.

पण उंदीर म्हणजे बाई नव्हे. बायकांमध्ये काय दिसलं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग झालेल्या २४६ बायका आणि न झालेल्या २५४ बायका यांच्या लघवीतलं कॅडमियम मोजलं. ज्यांच्यात ते सगळ्यात जास्त होतं त्यांच्यात कर्करोग दुपटीहून अधिक आढळला. स्वीडनमध्ये पाळी गेलेल्या सुमारे ५६ हजार बायकांचा बारा वर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या जेवणातून जास्त कॅडमियम जात होतं त्यांना धोका २१ टक्क्यांनी जास्त निघाला. हे आलं २०१२ मध्ये. आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दीड लाखाहून अधिक बायकांच्या अभ्यासातून उत्तर आलं, की जेवणातल्या कॅडमियमचा असा काहीही संबंध दिसत नाही. २०१६ मध्ये त्याच अभ्यासातल्या बायकांची लघवी तपासली, तरीही संबंध दिसला नाही.

मग खरं काय? आजार झाल्यानंतर लघवी तपासली तर आजारामुळे आणि औषधांमुळे मूत्रपिंडातून जास्त कॅडमियम बाहेर पडत असण्याची शक्यता असते. आधी लघवी घेऊन मग वाट पाहिली तर ती अडचण टळते, म्हणून मी दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासाला जास्त वजन देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कॅडमियमला माणसात कर्करोग करणारं द्रव्य ठरवलं आहे ते फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. स्तनाचं नाव त्यात नाही. तेव्हा “कॅडमियममुळे स्तनाचा कर्करोग होतो” असं पोस्टर आपण लावायचं नाही, आणि “काही संबंध नाही” असं प्रमाणपत्रही द्यायचं नाही.

मात्र हे सगळे अभ्यास ज्या बायकांवर झाले त्या आपल्या वस्तीतल्या नव्हेत. शरीरात लोह कमी असेल तर आतडी अन्नातलं कॅडमियम जास्त ओढून घेतात, कारण लोह आत नेण्याच्या दारानंच कॅडमियमही आत शिरतं. लोह भरपूर असलेल्या माणसापेक्षा लोह कमी असलेल्या बाईत हे शोषण काही पटींनी वाढतं. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात ५४ टक्के. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या पोटात तोच भात जास्त विष सोडतो. दारिद्र्य आणि बाईपण पेशीपर्यंत कसं पोहोचतं त्याचा याहून स्पष्ट दाखला मला सापडलेला नाही.

जपानमध्ये हे घडून गेलं आहे. तोयामा भागातल्या जिंझू नदीत खाणीचं कॅडमियम मिसळलं आणि त्या पाण्यावरचा भात लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ला. हाडं ठिसूळ होऊन मोडायची. रुग्ण बहुतेक बायका, पाळी जायच्या वयाच्या आणि त्यापुढच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. त्या “इताई, इताई” म्हणजे “दुखतंय, दुखतंय” म्हणून कण्हायच्या, तेच आजाराचं नाव पडलं. ‘यांचा आहारच कमी पडतो’ हा युक्तिवाद तिथेही झाला. १९६८ मध्ये सरकारनं प्रदूषण हे कारण मान्य केलं, १९७१ मध्ये लोक खटला जिंकले आणि १९७२ मध्ये अपिलातही निकाल टिकला. आहार कमी पडतच असेल. पण म्हणून नदीत विष सोडणारा सुटत नाही.

आपल्याकडे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायदेशीर यादीत कॅडमियमचे आजार आहेत. पण भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो. घरी बसून भंगारातल्या बॅटऱ्या फोडणाऱ्या बाईनं कुठला मालक दाखवायचा? तिच्या हातात ना हजेरीपट, ना पावती. म्हणून गाठ आलेल्या बाईची माहिती लिहून घेताना ‘गृहिणी’ लिहून पुढे जाऊ नका. लग्नाआधी काय काम केलं, घरात कोण काय जाळतं, वितळवतं, फोडतं, किती वर्षं, हे विचारा. दवाखान्याच्या कागदावर हे कोणी लिहीत नाही. आपण लिहिलं नाही तर उद्या कोणी अभ्यास करायला आलं तरी हातात काही नसेल.

मशेरीबद्दल पुन्हा. ती सोडायला लावण्यासाठी स्तनाच्या कर्करोगाची खोटी भीती घालायची गरजच नाही. तोंडाच्या कर्करोगाचं कारण पुरेसं आहे. शिवाय मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीवाल्या होत्या, आणि त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. पण बाई मशेरी का लावते, हेही ऐका. भूक मरते. पहाटे उठून पोट साफ झालं नाही तर दिवसभर संडासाची सोय नाही. दात दुखतो आणि दाताच्या डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. या तीन गोष्टींना हात न लावता “व्यसन सोडा” म्हणणं म्हणजे नुसता उपदेश.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. स्तनाच्या कर्करोगाची जी कारणं पक्की ठाऊक आहेत, म्हणजे वाढतं वय, घराण्यातला दोष, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, मूल नसणं किंवा उशिरा होणं, कमी काळ अंगावर पाजणं, पाळी गेल्यावरचं वजन, दारू, ती ऐकवताना सूर असा लागतो की बाईनं वेळेवर लग्न करून मुलं काढली असती तर बरं झालं असतं. एकट्या राहणाऱ्या किती मैत्रिणींना डॉक्टरांच्या समोर हे ऐकावं लागलं आहे! धोका वाढणं आणि गुन्हा करणं यात फरक आहे.

आणि कारण काहीही असो, बाई मरते ती उशिरा आल्यानं. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार त्यानं गेल्या. गाठ दुखत नाही, म्हणून ती थांबते. दाखवायची कोणाला, म्हणून थांबते. शिधापत्रिका सासरी अडकलेली, त्यामुळे सरकारी योजनेचे कागद जमत नाहीत, म्हणून थांबते.

इथे आपल्या हातात काही आहे. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्याजणींची छाती दर दोन वर्षांनी हातानं तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या बायकांचे आजार आधीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक पडला नाही, हेही लक्षात ठेवा.

जेवणानंतर शेजारच्या खोलीत बोटांच्या पेरांनी गाठ कशी तपासायची ते सिस्टर दाखवतील. दार बंद असेल. रबरी नमुना एकच आहे, तेव्हा आठ-आठजणींचे गट करा. ज्यांना स्वतःची तपासणी करून घ्यायची आहे त्यांनी सिस्टरांकडे नाव द्या. मला कळवायची गरज नाही.