बर्फावरच्या हॉकीचं सामान : दाम कशाचा मोजायचा?

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं आता बर्फावरची हॉकी खेळू लागली आहेत, आणि हंगाम तोंडावर आला की त्यांच्या आईवडिलांना सामानाच्या दुकानाची पायरी चढावी लागते. समोर भिंतभर स्टिक लावलेल्या असतात. एक साठ डॉलरची, शेजारची चारशेची, आणि रंगरूप जवळपास सारखंच. ज्या घरात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तिथे मुलाबरोबर जाणता आजोबा किंवा काका येतो. आपल्याला असं कुणी नसतं, म्हणून आपण ‘दाम तसा माल’ हा जुना आडाखा वापरतो. माझं म्हणणं असं की या सामानाच्या बाबतीत हा आडाखा खालच्या पायऱ्यांवर बऱ्यापैकी खरा ठरतो, मधल्या पायरीच्या वर तो फसवतो, आणि डोक्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे त्याच्यावर विसंबूच नये.

स्टिकपासून सुरुवात करू. २००० सालच्या सुमारास ईस्टन कंपनीची ‘सिनर्जी’ ही एकसंध कार्बनतंतूंची स्टिक बाजारात आली आणि काही वर्षांतच व्यावसायिक खेळातून लाकूड जवळजवळ हद्दपार झालं. आज चारशे डॉलर मोजून आपण मुख्यतः हलकेपणा विकत घेतो. अशा स्टिकचं वजन चारशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. हा हलकेपणा टिकाऊपणाची खात्री देत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचा तडाखा बसला की दांड्याला दिसणार नाही अशी चीर पडते आणि पुढच्या जोरकस फटक्याला तो तिथेच मोडतो. मोठ्या कंपन्यांची हमीसुद्धा साधारण ३० दिवसांचीच असते. किमतीपेक्षा महत्त्वाचा आकडा दांड्यावरच छापलेला असतो, तो म्हणजे फ्लेक्स. ७० फ्लेक्सची स्टिक एक इंच वाकवायला साधारण ७० पौंडांचा जोर लागतो. फटका मारताना स्टिक बर्फावर दाबली जाऊन वाकते आणि सरळ होताना पकला, म्हणजे खेळातल्या चकतीला, वेग देते. खेळाडूच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स, असा ढोबळ हिशेब सांगतात. त्या हिशेबाने ८० पौंडांच्या मुलाला ४० फ्लेक्स पुरे. त्याच्या हातात ७० फ्लेक्सची दिली तर ती वाकतच नाही, मग ती कितीही महाग असो. मोठ्यांची स्टिक कापून लहानाला द्यावी, तर कापल्यावर ती आणखी ताठ होते.

यावर कुणी म्हणेल, नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू महागड्याच स्टिक वापरतात, ते काय उगाच? वेन ग्रेट्झकीने १९८१-८२ च्या हंगामात ९२ गोल केले ते लाकडी स्टिकने, एवढं सांगून हा आक्षेप मोडीत काढता येणार नाही. तेव्हाचे गोलरक्षक वेगळे होते आणि त्यांचे पॅडही वेगळे होते. हलक्या स्टिकचा व्यावसायिकांना फायदा होतो, हे मान्यच करायला हवं. पण त्यांना स्टिक संघ पुरवतो, आणि मोडली तर बाकावरून लगेच दुसरी हातात येते. जिथे टिकाऊपणाची किंमत दुसराच कुणी भरतो, तिथली निवड आपल्या खर्चाला मार्गदर्शक कशी ठरेल?

खरा पैसा खर्चावा तो स्केटवर, आणि इथे ‘दाम तसा माल’ अर्धा खरा ठरतो. अगदी स्वस्त स्केटचा बूट घोट्यापाशी मऊ असतो. दोन्ही हातांनी टाचेच्या वर दाबला की तो सहज आत जातो. असा बूट वळताना घोट्याला आधार देत नाही, आणि शिकणारं मूल ‘आपल्याला जमतच नाही’ असं समजून बसतं. मधल्या किमतीच्या स्केटमध्ये बूट ताठ असतो, अनेकदा दुकानातल्या भट्टीत गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतो, आणि झिजलेलं पातं बदलता येतं. एवढ्या गोष्टी मिळेपर्यंत जादा डॉलर सार्थकी लागतात. पुढे हजार डॉलरच्या वर जाताना मिळतो तो आणखी ताठपणा आणि आणखी हलकेपणा, आणि हलक्या वजनाच्या मुलाला इतका ताठ बूट गुडघ्यापासून पुढे झुकूच देत नाही. स्केटची खरी परीक्षा पाय आत घातल्यावरच होते. नाडी न बांधता बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एकच बोट जावं. नाडी बांधून गुडघे वाकवले की बोटं पुढच्या भिंतीपासून किंचित मागे सरकावीत आणि टाच जागची हलू नये. वरच्या तीन जोड भोकांवर पेन्सिल आडवी ठेवून पाहावी. ती पायाला टेकत असेल तर बूट उथळ आहे. ही परीक्षा नापास झालेला बाराशे डॉलरचा स्केट त्या पायासाठी वाईटच आहे.

हेल्मेटचा प्रश्न याहून गंभीर. ‘मुलाच्या डोक्याचा सवाल आहे, तिथे काटकसर कसली?’ असं पालक विचारतात. या प्रश्नामागची माया मला मान्य आहे. पण महाग हेल्मेट म्हणजे सुरक्षित हेल्मेट, हे गृहीत त्यात दडलेलं आहे. सीएसए या कॅनडातल्या मानकसंस्थेच्या मानकात न बसणारं हॉकीचं हेल्मेट कॅनडात विकायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे किमान कसोटी स्वस्त हेल्मेटही पार करतं. त्यापुढचा फरक किंमत सांगते का? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये ३२ हेल्मेटांना मेंदूवरच्या आघाताच्या धोक्यानुसार तारे दिले. चार किंवा पाच तारे एकालाही मिळाले नाहीत, तीन तारे फक्त एकाला मिळाले, आणि ताऱ्यांचा क्रम किमतीच्या क्रमाने जात नव्हता. पुढे कंपन्यांनी सुधारणा केल्या आणि पाच ताऱ्यांची हेल्मेटही आली. म्हणून ती यादी पाहावी आणि मग डोक्यावर घट्ट बसणारं हेल्मेट निवडावं. डोक्याइतकाच गळ्याचाही विचार हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन ॲडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला. गळ्याचा पट्टा हॉकीच्या सामानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. स्टिकसाठी चारशे डॉलर काढून पट्ट्याकडे काणाडोळा करणं हा अक्षम्य हिशेब आहे.

शेवटचा आक्षेप वाढत्या वयाचा. पाय दर वर्षी वाढतो, म्हणून दोन नंबर मोठा स्केट घ्यावा का? नको. त्यात टाच वर उचलली जाते आणि सगळा हंगाम घसरण्यात जातो. अर्ध्या नंबरापर्यंत ठीक. त्यापेक्षा योग्य मापाचा वापरलेला जोड घ्यावा. पात्याची उंची किती उरली आहे, रिबिटी ढिल्या झाल्या आहेत का, घोट्यापाशी बूट मोडला आहे का, हे तपासलं की पुरे. कोपर, खांदे आणि नडगीचे पॅडही वापरलेले चालतात. हेल्मेट मात्र नवंच घ्यावं. आतला फोम किती आघात सोसून बसला आहे ते बाहेरून कळत नाही, आणि अमेरिकेतलं हेल्मेटच्या सुरक्षिततेचं एचईसीसी प्रमाणपत्रही उत्पादनापासून साडेसहा वर्षांनी संपतं. जुन्या सामानात वाचलेले पैसे हेल्मेट, गळ्याचा पट्टा आणि पातं वेळच्या वेळी धार लावून घेणं, यांवर खर्च करावेत.