पदवीच्या उंबरठ्यावर थांबलेले विद्यार्थी



कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. लाल महाल, ग्रामदैवत कसबा गणपती आणि ठोक्यांचा नाद घुमविणारी तांबट आळी यांच्या या परिसरातून शहरातील कित्येक महाविद्यालये पायी गाठता येतात. महाविद्यालय जवळ असूनही पदवी मात्र अनेकांना दूर राहते.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील नोंदणीचे स्थूल प्रमाण महाराष्ट्रात ३५.३ टक्के, तर देशात २८.४ टक्के होते. ही प्रगती समाधानकारक खरी. परंतु नाव नोंदविणे म्हणजे पदवी मिळविणे नव्हे.

प्राध्यापकांना हा प्रश्न हजेरीचा वाटतो, पालकांना आळसाचा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो बहुधा वेळेचा आणि जागेचा असतो. सकाळी तास, दुपारपासून दुकानात नोकरी, रात्री जुन्या वाड्यातील दीड खोलीत पाच माणसे. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्याच्या हाती प्रथम वर्षी इंग्रजी क्रमिक पुस्तक पडते. दोन विषय राहतात. ए.टी.के.टी.मुळे पुढील वर्गात प्रवेश मिळतो, पण मागील ओझ्यासह. पुढे नोकरीत पगार वाढतो आणि राहिलेला विषय कायमचा राहून जातो. यात बुद्धीची उणीव क्वचितच असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढले, ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. पुणे विद्यापीठातील योजनाही त्यांच्याच नावाने चालते. महाविद्यालयाच्या आवारातच काम मिळाले, तर तास बुडवावा लागत नाही, हे तिचे खरे मर्म होय. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती वसतिगृहे चालविते. पेठेतला मुलगा घरीच राहतो, म्हणून त्याची अडचण कोणास दिसत नाही! त्याला वसतिगृह नको. रात्री उघडी असणारी अभ्यासिका हवी.

२०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मिळविलेले श्रेयांक जमा राहतात, त्यामुळे खंड पडला तरी परत येण्याची वाट उरते. १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठी आहेच.

तथापि, परतण्यापेक्षा न निसटणे सोपे. निकालानंतर महिन्याभरात प्रत्येक महाविद्यालयाने एक-दोन विषय राहिलेल्यांची यादी करावी, त्यांना बोलावून घ्यावे आणि त्या विषयांचे वर्ग सायंकाळी सातनंतर, दुकाने सुटल्यावर, भरवावेत.