ठिबकची नळी आणि वाळवंटातला वायू
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



काल रात्री जेवताना चौघांनी विचारलं, "तू तिकडे नेमकं करतोस तरी काय?" 'तेलात आहे' असं सांगितलं की लोकांना पेट्रोल पंप आठवतो. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आपल्या गावात बोअरची गाडी येते तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. हवेच्या दाबाने धूळ वर उडते आणि पाणी लागलं की बोअर चालू असतानाच फवारा बाहेर येतो. वायूच्या विहिरीत हे सहसा होऊ देत नाहीत. जड चिखल भरून वायूला खालीच दाबून धरतात. पण खडक घट्ट असेल, त्याची छिद्रं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतील, तर तोच चिखल आणि त्यातलं पाणी छिद्रांत शिरून बसतं. ज्यासाठी खणलं त्याचीच वाट आपण बुजवतो. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम उलटं करतात. पाण्यात नायट्रोजन मिसळून विहिरीतला दाब खडकातल्या दाबापेक्षा कमी ठेवायचा आणि वायू वाहत असतानाच खणायचं. आपल्या बोअरवाल्याचीच युक्ती, फक्त इथे पाण्याऐवजी पेट घेणारा वायू असतो!

शारजामध्ये सजा नावाचं वायूक्षेत्र आहे, १९८० साली सापडलेलं. चुनखडीचा थर तीन किलोमीटरहून खोल, आणि वीसेक वर्षांच्या उपशानंतर दाब पार उतरलेला. तिथे २००३ पासून जुन्याच विहिरींतून आडव्या फांद्या काढायला या पद्धतीने सुरुवात झाली. मी या धंद्यात शिकलो तो तिथल्या कामाचे दाखले ऐकत.

यात नेहमीचे जोडाजोडीचे पाइप नसतात. ठिबकच्या नळीचं भेंडोळं असतं ना, तसा पोलादी पाइप रिळावर गुंडाळलेला, हजारो मीटर अखंड. जोड द्यायला थांबावं लागत नाही, त्यामुळे दाब हलत नाही. हा पाइप फिरवता येत नाही. टोकाची मोटर आतल्या प्रवाहावर फिरते. पण रिळावरून सुटताना, वरच्या कमानीवर आणि पुन्हा सरळ होताना तो वाकतो. वर ओढताना पुन्हा तेच. तार सारखी वाकवली की मोडते, हे आपण मागच्या बाकावर छत्रीच्या तारांवर सिद्ध केलंच होतं. म्हणून पाइपाचा कोणता भाग कितीदा वाकला, याची नोंद ठेवतात. एका कामावर ती नोंद माझ्याकडे होती.

एका रात्री भुगा अडकला म्हणून आम्ही पाइप तीनशे मीटर वर ओढून परत सोडला, दोनदा. ती नोंद मी केली नाही. विसरलो, दुसरं कारण नाही. सकाळी पाळी संपवून खोलीवर आलो, बूट काढले आणि आठवलं. त्याच रात्रीच्या हिशेबात पाइप मर्यादेच्या आत होता, पण जेमतेम. सांगितलं तर काम थांबणार, आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचे पैसे कुणाच्या तरी नावावर पडणार. गप्प बसलो असतो तर बहुधा काही झालंही नसतं. हा 'बहुधा' फार वाईट शब्द आहे. कमानीखाली दिवसपाळीची चार माणसं उभी होती, आणि विहीर वाहती होती.

गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी गाळलेल्या पायरीचा अर्धा गुण कापायच्या. बाई समोर बसल्या आहेत म्हणून नाही सांगत, पण बूट घालताना खरंच तो अर्धा गुण आठवला.

मी जाऊन सांगितलं. हिशेब पुन्हा मांडला, तो भाग मर्यादेबाहेर निघाला. पाइप बाहेर काढून रीळ बदललं, काम काही दिवस बंद राहिलं. कुणी ओरडलं नाही. पुढच्या कामाच्या यादीत मात्र माझं नाव नव्हतं, आणि ते वर्ष घरी जरा ओढाताणीचं गेलं.

त्या भागाचा वीतभर तुकडा मी मागून घेतला होता. आज आणलाय, प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलाय. जेवणाआधी हातात घेऊन बघा. तडा शोधू नका, तो दिसत नाही.