अधिकाराविना नेतृत्व



शिक्षणविषयक योजना राबविणाऱ्या प्रशासकांची व्यावसायिक संघटना ही एका अर्थाने विलक्षण संस्था होय. तिचे सभासद आपापल्या कार्यालयांत आदेश काढतात, अनुदाने मंजूर करतात, तपासण्या करतात. त्यांच्या अध्यक्षाजवळ मात्र यांपैकी एकही साधन नसते. त्याला कोणाची बदली करता येत नाही, की कोणाचे देयक अडविता येत नाही. तरीही त्याचा शब्द मंत्रालयापासून वर्गापर्यंत मानला जावा, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा कशी पुरी होते, हे प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात चांगले दिसते. १९३९ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौढशिक्षण संघाचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन, डॉ. मोहनसिंह मेहता, डॉ. माल्कम आदिशेषय्या यांसारख्या व्यक्तींनी भूषविले. मेहतांनी १९३१ मध्ये उदयपूरला विद्याभवन उभारले होते; पुढे ते राजदूत आणि राजस्थान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आदिशेषय्या युनेस्कोचे उपमहासंचालक होते. या मंडळींची प्रतिष्ठा संघाने दिलेली नव्हती. ती त्यांनी अन्यत्र मिळविली आणि संघाच्या कामी लावली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला जे वरिष्ठांपुढे बोलता येत नाही, ते अशा अध्यक्षाला बोलता येते. मात्र त्यासाठी जिल्ह्यात काय घडते, हे त्याला आधी कळलेले असावे लागते.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी निरक्षरांपर्यंत सुमारे पाच वर्षांत पोहोचावयाचे, असे उद्दिष्ट होते. एका केंद्रात साधारण तीस प्रौढ, दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, तीस केंद्रांवर एक पर्यवेक्षक आणि निदेशकाला दरमहा पन्नास रुपये मानधन, अशी रचना होती. कागदावर ती नेटकी होती. परंतु मानधन महिनोन् महिने लांबले की पहिला परिणाम केंद्राच्या कामावर होई.  वरच्या अहवालात मात्र ते केंद्र ‘चालू’ म्हणूनच राही. उघडलेली केंद्रे मोजणे सोपे असते, वाचू लागलेली माणसे मोजणे अवघड. संघटनेने हा भेद निर्भीडपणे मांडावयाचा असतो, आणि तो मांडताना तिचे स्वतःचेच सभासद दुखावतात, कारण ते अहवाल त्यांच्याच सहीने गेलेले असतात.

येथेच नेतृत्वाची खरी कसोटी लागते. केवळ वेतनश्रेणी व पदोन्नती यांवर ठराव करणारी संघटना कर्मचारी-संघ बनते. प्रत्येक नव्या योजनेचे स्वागत करणारी संघटना प्रसिद्धिपत्रक बनते. पहिला धोका सर्वांना दिसतो. दुसरा अधिक सुखद असल्याने लवकर ध्यानात येत नाही! १९८० मध्ये राजवट बदलली आणि स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाला काही काळ ओहोटी लागली. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कार्यक्रम चालू ठेवण्याचीच शिफारस केली होती, हे त्या वेळी पुनःपुन्हा सांगणारे कोणीतरी हवे होते. सरकारे बदलली तरी अनुभव जपणे, हे काम अशा संघटनेलाच शोभते.

महाराष्ट्राजवळ असा अनुभव विपुल आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शिक्षकांनी आणि ग्रामस्थांनी रात्रीचे वर्ग चालविले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. तो उत्साह अस्सल होता. परंतु समारंभानंतर नवसाक्षराच्या हाती वाचावयास पुस्तक आले नाही, तेथे अक्षरे पुन्हा पुसली गेली.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राने आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांचे उद्दिष्ट असून शिकविण्याचे काम विनामानधन स्वयंसेवकांवर सोपविले आहे. मानधन नाही, म्हणून ते लांबण्याचीही तक्रार उरलेली नाही. पण त्यामुळे स्वयंसेवकाची अडचण ज्या नोंदवहीत आपोआप उमटत असे, ती नोंदवहीही गेली. ती आता कोणी ठेवावयाची, आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती वर्षानंतर ग्रामपंचायतीची नोटीस वाचू शकते की नाही हे कोणी पाहावयाचे, हे दोन प्रश्न प्रशासकांच्या संघटनांनी आपल्या पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर, ठरावांच्या आधी, घ्यावयास हवेत.